लवू मेस्त्रींची मजबूत गिटार

लवू मेस्त्री पहिल्यांदा माझ्या दारावर थडकले तेव्हा भिंतीवरचं घड्याळ उलटं चालू लागलं, मांजर लालबाग सोडून थेट भायखळ्याला पोचलं आणि समोरच्या सुंदराबाईंनी भूकंप समजून दागिने पिठाच्या डब्यात कोंबले. मी धावत दार उघडलं. मेस्त्री दाराला कान लावून उभे होते, ते सरळ माझ्या पोटावर आदळले.

"उघडलात कशाक? लाकडाचो आवाज आयकत होतंय!" मग त्यांनी दार पाहिलं, मला पाहिलं. "दार पोकळ आसा. पण तुमी भरीव आसात. वजन किती?"

तेव्हापासून मी त्यांचा अधिकृत भार झालो. मेस्त्री लग्नाचे पाट करत. पाट झाला की मला हाक यायची, "बसा." कुरकुरला नाही तरच तो गिऱ्हाइकाला. परळ-लालबागची निम्मी लग्नं माझ्या बुडाच्या शिफारशीवर लागली आहेत.

अशा माणसाकडे नात अनुजानं गिटार मागितली! शनिवारी कॉलेजात स्पर्धा होती आणि 'माझी गिटार आजोबा करतायत' हे तिनं सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. मेस्त्रींनी सागवान काढलं.

"सागवान नको हो, आजोबा! समोरची फळी हलकी लागते. पातळ. थरथरली पाहिजे."

"थरथरणारी फळी?" पोरीनं पळून जायची परवानगी मागावी तसा त्यांचा चेहरा झाला.

तरी ते रे रोडच्या वखारीत जाऊन, फळ्या ठोकून ठोकून, देवदारी खोक्याची एक फळी घेऊन आले. रंधून तिचा पापड केला. आतून दोन बारीक पट्ट्या फुलीसारख्या चिकटवल्या. अनुजानं टिचकी मारली आणि फळी देवळातल्या घंटेसारखी घुमली.

मग मेस्त्रींनी अंगठ्यानं दाबलं. फळी जराशी वाकली.

"हेच्यार कोण बसलो तर?"

"गिटारवर कोण कशाला बसेल?"

"माणूस म्हटल्यार बसतलोच!" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पोरगी कॉलेजला गेली की ते एक पट्टी वाढवत. "एकच हां," म्हणत. शुक्रवारी गिटार बंद केली तेव्हा आत हवेलासुद्धा उभं राहायला जागा उरली नव्हती. मला हाक आली. मी बसलो. कुरकुर नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी!

शनिवारी सकाळी अनुजानं तार छेडली. टक्. दुसरी छेडली. टक्.

"आजोबा, वाजत नाही!"

"मोडत पण नाय!"

अनुजा रडली, मग हसली, मग आजोबांची गिटार काखेत मारून निघाली. स्टेजवर तिनं ती आडवी ठेवली, वर मांडी घालून बसली आणि मैत्रिणीची गिटार मागून घेऊन वाजवली.

"बघा!" मेस्त्रींनी मला कोपरानं ढोसलं. "बसला मा कोण तरी!"

अनुजाचा नंबर आला नाही. गिटार आता आमच्याकडे असते. तिच्यावर आम्ही गॅसचा सिलिंडर ठेवतो.