येरझारेकाका आणि चपलांची रांग

येरझारेकाकांना बसून पूर्ण कप चहा पिताना मी कधी पाहिलं नाही. पहिला घोट खुर्चीत, दुसरा खिडकीपाशी आणि उरलेला थंड चहा आम्हाला नंतर फ्रिजवर सापडायचा. त्यांचं आडनाव अर्थातच वेगळं होतं. हे आमच्या हिने ठेवलेलं. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर, आमच्या प्लांटला जाणाऱ्या कंपनी बसमध्येही ते दांडा धरून उभे. काकू पुण्याला होत्या, त्यांच्याशी फोनवर बोलतानाही चपला घासत फेऱ्या चालूच. "पाय थांबले की माझं डोकं थांबतं," म्हणायचे.

मी त्यांच्या हाताखाली होतो. तेलाच्या टाक्यांची पातळी कंट्रोल रूमला कळवायचा सी भाषेतला प्रोग्राम माझ्याकडे आला होता. सी मला येत होतं, म्हणजे परीक्षेपुरतं. तारेवरून निरोप जातो तो एक आणि शून्य यांच्या रांगेत, आणि तो संपल्याची खूण म्हणजे सलग सहा एक. निरोपातच चुकून सहा एक आले, तर पलीकडच्याला वाटणार, संपलं. म्हणून सलग पाच एक आले की आपण मुद्दाम एक शून्य भरायचं. पलीकडचा ते काढून टाकतो. याला बिट स्टफिंग म्हणतात.

"काढूनच टाकायचं तर घालायचं कशाला, काका?"

"पुढे अजून आहे, हे कळावं म्हणून."

घरी मी ते भरल्या वांग्यांवरून समजावलं. "मग तुला जमणार नाही," ही म्हणाली.

तसंच झालं. ऑफिसात सगळं सुरळीत, प्लांटवर मात्र निरोप मधेच तुटायचे. सोमवारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. नाही चाललं तर कंत्राट जाणार आणि त्याच्यामागून माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना. आमच्या लेकीची, इराची शाळा, चोआ चू कांगचा फ्लॅट, सगळं त्या पासवर टांगलेलं. काकांचं उलट होतं. प्रोग्राम नीट चालू झाला की त्यांची नेमणूक संपणार होती. तरी शनिवारी सकाळी तेच आमच्या घरी आले आणि एका हातात पोह्यांची बशी, दुसऱ्यात माझा कोड घेऊन दारासमोरच्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारू लागले.

"चपला आण," एकदम म्हणाले.

घरातले झाडून सगळे चपला-बूट त्यांनी फरश्यांवर मांडले. चप्पल म्हणजे एक, रिकामी फरशी म्हणजे शून्य. आठ फरश्या आमच्या दारासमोर, पुढच्या आठ शेजारच्या आंटींच्या. एकेक दार म्हणजे एकेक बाइट, आठ-आठांचा गट.

"मोज. तुझ्या कोडसारखं."

"आपल्या दारात शेवटी तीन. आंटींच्या दारात सुरुवातीला तीन."

"म्हणजे?"

"तीन आणि तीन."

"सिक्स, ला, बाबा," इरा आतून तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

काका चक्क एका जागी थांबले. "दार बदललं म्हणून रांग तुटते का रे? तारेला दारं नसतात. तू दर बाइटला नव्याने मोजतोयस."

मोजणी शून्यावर आणणारी ओळ मी दर बाइटला फिरणाऱ्या लूपच्या बाहेर नेली. बास, एवढंच. आंटींनी दार उघडून विचारलं, "सो मेनी शूज. पार्टी, आह?"

सोमवारी निरोप अखंड पोचले. माझा पास वाढला आणि महिनाअखेर काका पुण्याला गेले. चांगी विमानतळावर मी काहीबाही बोलत होतो, ते ट्रॉली पुढे-मागे ढकलत होते.

काही वर्षांनी काकू गेल्या. त्यानंतर काकांचा फोन आला. बोलता बोलता चपलांचा आवाज मधेच थांबला. काकाही थांबले.

"कट झाला का?" हिने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली आणि फोन कानाशी धरून, चपला घासत कॉरिडॉरमध्ये गेलो. आंटींच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. परत गेलो. बऱ्याच वेळाने पलीकडे चप्पल घासली.

"हां," काका म्हणाले, "तर काय सांगत होतो..."