डायनॅमोमागचा वॉशर

गाडीचा तो आवाज माझ्या तीन वळणं आधी घरी पोचायचा. मी अजून सड्याच्या माळावरून उतरत असायचे आणि इकडे सासूबाई भाताचं आधण ठेवायच्या. सकाळी तर वाडीतली कुत्रीसुद्धा गाडी सुरू व्हायच्या आधी उठून बाजूला होत. एखाद्या दिवशी पाच मिनिटं उशीर झाला, तर संध्याकाळी दुकानात विचारणा ठरलेली, "आज उशिरान गेलस मां गो?"

ही २००४ सालची गोष्ट. गाडी जुनीच, माझ्या नोकरीसाठी म्हणून घेतलेली. कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत आंब्याचा आणि कोकमाचा रस डबाबंद करणारा एक कारखाना होता. तिथल्या प्रयोगशाळेत मला काम मिळालं. लग्नाआधी मी केमिस्ट्री शिकले होते, पण पुढची अकरा वर्षं ते शिक्षण कपाटातल्या सर्टिफिकेटातच राहिलं होतं. पहिले सहा महिने नेमणूक तात्पुरती, आणि सकाळी आठची वेळ चुकवायची नाही, एवढ्या दोनच अटी. गावातून पहिली एसटी नऊला. गाडी नाही तर नोकरी नाही, असा सरळ हिशेब होता.

नवरा बोटीवर, इंजिनरूममध्ये. नऊ महिने समुद्रात, दोन-अडीच महिने घरी. त्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा कुठल्याशा बंदरातून ॲल्युमिनियमच्या दोन चकचकीत पुल्या घेऊन आला. एक इंजिनाला बसवायची, दुसरी बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोला. दोन्हींवरून एकच पट्टा फिरतो. हलक्या पुल्यांमुळे इंजिनावरचा भार कमी होतो, पेट्रोल वाचतं, असं त्याचं म्हणणं.

"ही जुनी बग. उचलून बग किती जड आसा ती."

"जड आहे, पण चालत होती."

"चालूक काय गो, बैलगाडी पण चालता."

परत जायच्या आदल्या दिवशी त्याने त्या बसवल्या, गावात एक फेरी मारली, हात धुतले आणि बॅग भरायला घेतली. जुन्या पुल्या सासूबाईंनी कोंबड्यांच्या खुराड्याच्या झाकणावर वजन म्हणून ठेवल्या.

आठवड्याभरात पट्टा बोलायला लागला. आधी चिमणीसारखा, सकाळी सुरू करताना तेवढा. मग दिवसभर. मग असा की कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन मी यायच्या आधीच फाटक उघडून ठेवायचा.

सासऱ्यांनी पहिला उपाय केला तो आमच्याकडे प्रत्येक किरकिरणाऱ्या वस्तूवर होतो तोच. विहिरीचा रहाट कुरकुरला, दाराची बिजागरी वाजली, पाळण्याच्या कड्या घासल्या, की कोंबड्याच्या पिसाने खोबरेल सोडायचं. त्यांनी वाटी आणि पीस घेऊन बॉनेट उघडलं आणि पट्ट्याला देवाला लावावं तसं तेल माखलं. त्या दिवशी गाडी कुडाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. सासरे संध्याकाळी ओटीवर माझी वाट पाहत बसले होते.

"काय? इलो आवाज?"

"नाही आला."

"मगे? तुझ्या केमिस्ट्रीत खोबरेल नाय शिकवल्यानी?"

दुसऱ्या दिवशी आवाज दुप्पट झाला. तेलाने रबर फुगलं आणि पट्टा घसरायला लागला. संध्याकाळी दिवे लावले की ते मिणमिणायचे, कारण डायनॅमो नीट फिरतच नव्हता. मी कुडाळच्या गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं, वास घेतला आणि वर बघितलं.

"वयनी, हयसर वडे तळल्यात काय?"

त्याने नवा पट्टा घातला आणि ताणून बसवला. पुल्या बघाल का, म्हटलं तर तो मागे सरकला. "त्या साहेबांनी बसवल्यानी मां? दोन मजल्यांचा इंजिन चालवणारो माणूस तो. मी कशाक हात लावू?"

नवा पट्टा दोन दिवस गप्प राहिला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाला. त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा सासऱ्यांनी हात पुढे केला. मी किल्ली दिली. त्यांनी ती देवघराच्या चौकटीवरच्या खिळ्याला अडकवली.

"ऱ्हवांदे आता. तो इलो काय बगतलो."

"तो यायला सात महिने आहेत, बाबा."

"मगे? गाडी काय मासो आसा, नासाक?"

त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांचं चुकत नव्हतं. मुलाने मेहनतीने बसवलेली वस्तू आपल्या हातून मोडू नये, आणि वाडीने हसू नये, एवढंच त्यांना हवं होतं. पुल्या चुकीच्या बसल्या आहेत असं म्हणायची त्या घरात सोय नव्हती. सासूबाईंना म्हटलं असतं तर त्या जेवल्या नसत्या. नवऱ्याला सांगायचं तर तो कुठल्या समुद्रात आहे हे त्याच्या पुढच्या फोनशिवाय कळणार नव्हतं, आणि फोन यायचा तेव्हा सगळं घर रिसीव्हरभोवती उभं असायचं. दोन दिवस मी रजा टाकली. खिळ्याला किल्ली, अंगणात गाडी आणि मी माजघरात कोकमाची सोलं निवडत. तिसऱ्या दिवशी नऊच्या एसटीने गेले आणि साडेदहाला पोचले. प्रयोगशाळेच्या साहेबांनी नमुन्यांचा ट्रे माझ्यापुढे सरकवला आणि शांतपणे सांगितलं, "पुढच्या आठवड्यापासून आठला जमणार नसेल, तर आत्ताच सांगा."

मी जमेल म्हटलं. कसं, ते मला माहीत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्याच्या म्हाताऱ्या फिटरकडे गेले. रस काढायच्या मशीनचे पट्टे तोच सांभाळायचा. त्याने माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"चालू गाडयेच्या पट्ट्यावर तांब्याभर पाणी सोडा. हात लांब ठेवा. आवाज वाढलो तर पट्टो ढिलो. आवाज गेलो आणि लगेच परत इलो, तर पुली एका रेषेत नाय. पयल्यांदा ता बगा, मगे माझ्याकडे येवा."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं, हे मला शिकवायची गरज नव्हती. दिवसभर मी तेच करत होते. फक्त घरच्या गाडीच्या बाबतीत ते कोणाला सुचलं नव्हतं, मलासुद्धा.

रविवारी सकाळी मी किल्ली मागितली. गाडी अंगणाबाहेर काढणार नाही म्हटल्यावर मिळाली. इंजिन सुरू केलं, पट्टा ओरडायला लागला, आणि मी बाजूला उभी राहून तांब्यातून पाण्याची धार सोडली. आवाज बंद झाला. मी मनात दहा मोजायला घेतले. सातला तो परत आला.

गाडी बंद करून मी ओटीवरच्या फळीवरून सासऱ्यांचा तंगूस काढला. खाडीवर मासे गरवायला जायचे तेव्हा वापरायची ती नायलॉनची दोरी. तिला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. ते लगेच अंगणात आले.

"गो, गाडयेत मासो गरवतस काय?"

"हे टोक धरा," मी म्हटलं. "इंजिनाच्या पुलीच्या खाचेतून दोरी ताणली की ती सरळ वरच्या पुलीच्या खाचेत मधोमध जायला हवी."

त्यांनी धरलं. तरुणपणी ते मासेमारीच्या मचव्यावर होते. मचव्याच्या इंजिनाचा दांडा बसवताना असाच दोरा धरतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी खालचं टोक खाचेत दाबून ठेवलं. त्यांनी वरचं ताणलं, एक डोळा मिटला आणि दोरीवरून नजर फिरवली. रेडिएटर आणि इंजिनाच्या मधल्या जागेत माझी मान वाकडी झालेली, तरी मला दिसत होतं. दोरी खाचेत जात नव्हती, काठाला टेकत होती. डायनॅमोची पुली काड्यापेटीच्या दोन काड्या शेजारी ठेवल्या तर होईल इतकी पुढे होती.

त्यांनी दुसरा डोळा मिटून पुन्हा पाहिलं. मग टोक सोडून दिलं.

"माका काय्येक दिसणा नाय," ते म्हणाले. तंगूस नीट गुंडाळून त्यांनी फळीवर ठेवला आणि आंघोळीला गेले.

त्यांना दिसलं होतं. मुलाची चूक सुनेसमोर कबूल करायची तयारी नव्हती. मी तांब्या विसळला. तो सबंध दिवस आम्ही दोघं त्या एवढ्याशा अंगणात एकमेकांना टाळत फिरलो. सोमवारी आठला मी कुडाळात असणार की घरी, हे त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांनाही कळत होतं.

सोमवारी पहाटे चहाच्या कपाशेजारी किल्ली होती. सासरे पाठमोरे, दात घासत होते.

"कुडाळाक जा. गॅरेजवाल्याक दाखय. पण कोणी बसवल्यान ता परत बोलू नको."

गॅरेजवाल्याला मी बोट ठेवून जागा दाखवली. त्याने नट सोडवला. पुलीमागून एक जाड वॉशर निघाला. जुन्या लोखंडी पुलीला तो लागत होता. नव्या पुलीची मागची बाजूच तेवढी जाड होती, त्यामुळे वॉशर काढून ठेवायला हवा होता. घाईत तो तसाच राहिला. पंधरा मिनिटांचं काम. मी कारखान्यात आठला दोन मिनिटं कमी असताना पोचले. वॉचमन फाटक बंद ठेवून बिडी ओढत होता. मला हॉर्न वाजवावा लागला.

संध्याकाळी घरी आले तर चूल थंड. "कधी इलस ता कळलाच नाय," सासूबाई म्हणाल्या आणि आधण ठेवायला उठल्या. सासऱ्यांनी हात पुढे केला. मी त्यांच्या तळहातावर किल्ली ठेवली आणि शेजारी वॉशर. त्यांनी तो उलटापालटा केला, मासे धरायच्या गरीच्या डब्यात टाकला आणि किल्ली खिळ्याला लावली.

पुढच्या आठवड्यात दुकानात तेल घेताना मी त्यांचं बोलणं ऐकलं. "माझ्या झिलान बसवलेली पुली ती. आता आयकाक येता आवाज? नवा सामान, थोडे दिवस बोलताच." दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी बाटली पुढे केली.

सहा महिने भरले आणि मला कायम नेमणुकीचं पत्र मिळालं. त्या आठवडा बाजाराला मी कुडाळात गाडीची दुसरी किल्ली करून घेतली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. खिळ्यावरची मात्र रोज सकाळी मागूनच घेत राहिले.