तिसरा टोला

छावणीतल्या आमच्या चर्चची घंटा वाजवणारे काका पित्याचा आणि पुत्राचा टोला स्वतः देतात. पवित्र आत्म्याचा तिसरा टोला मात्र सगळ्यात उशिरा येणाऱ्याच्या हातून. "तिघं मिळून एक देव हाय, मंग मी एकट्यानंच कसं वाजवू?" असं म्हणतात.

रागापायी मी वडिलांच्या दफनालाही गेलो नव्हतो. त्या लाजेनं चार वर्षं चर्चची पायरी चढलो नाही. यंदा ईस्टरच्या सकाळी फाटकाबाहेर, फुललेल्या कडुलिंबाखाली घुटमळत होतो. दोन टोले झाले, तिसरा होईना.

"ओ भाऊ, या की! लोकं खोळंबलेत!"

"काका, माझी लायकी नाय."

"लायकी कोण इचारतंय? उशीर तुम्हालाच झालाय नं!"

मी धावत सुटलो. दोर त्यांच्या घामानं ओला होता. जीव खाऊन ओढला, सगळ्या छावणीला ऐकू जाईल असा.