कोच टेरीची बदली

धुकं असं बसलं होतं, की कुंपणापलीकडच्या घराचं नुसतं छप्पर तेवढं दिसत होतं. अर्धा डिसेंबर सरला तरी टेक्सासातल्या शुगर लँडात थंडी नावालाच. हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटून राहिली होती. दादाराव गजभिये मागच्या अंगणात दाताळं घेऊन ओकची पानं ओढत होते. शेजारचे लोक पानं उडवायचं यंत्र लावतात. दादारावांना ते पटत नाही. "इकडची पानं तिकडे करायले मशीन कायले पाह्यजे?" असं त्यांचं म्हणणं. आठवडाभर ते रिफायनरीत पाइप तपासतात. कोणता पाइप आतून खाल्ला गेला आहे आणि कोणता अजून टिकेल, हे बाहेरून ओळखायची ती नोकरी. शनिवारची सकाळ मात्र अंगणाची.

आज अर्धंच अंगण साफ झालं आणि त्यांनी दाताळं कुंपणाला टेकवलं. खुर्च्या मांडायला एवढी जागा पुरे होती. घडीच्या खुर्च्या त्यांनी आदल्या दिवशीच बुद्धविहारातून पिकअपमध्ये घालून आणल्या होत्या. दुपारी त्यांच्या घरी कोच टेरीचा निरोप समारंभ होता.

त्यांची उपासना दोन तासांवरच्या एका छोट्या कॉलेजात शिकते आणि कॉलेजकडून व्हॉलीबॉल खेळते. उंचीनं बेताची, म्हणून लिबेरो. म्हणजे टीमपेक्षा वेगळ्या रंगाचा शर्ट घालून मागं राहायचं, समोरून आलेला बॉल जमिनीला लागू द्यायचा नाही. जाळीवर उडी मारून टाळ्या मिळवायचं काम दुसऱ्यांचं. शाळेत असताना तिला कोणी विचारत नव्हतं. कोच टेरीनं तिला हेरलं, कॉलेजची स्कॉलरशिप मिळवून दिली आणि तीन वर्षं घडवलं. आता सीझन संपला आणि कोच टेरी ओक्लाहोमातल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीत चालली होती. पोरींना ते कळलं फोनवरच्या मेसेजनं.

तेव्हापासून सगळी टीम मोहोळाला धूर दिल्यासारखी उठली होती. कोच सोडून गेला की खेळाडूंनाही कॉलेज बदलायची मुभा मिळते. ट्रान्सफर पोर्टल नावाच्या यादीत नाव टाकायचं, मग दुसऱ्या कॉलेजांचे कोच फोन करतात. पण नाव टाकलं की जुनं कॉलेज तुमची स्कॉलरशिप दुसऱ्याला द्यायला मोकळं. कोणाचा फोन आला नाही तर घरचीही गेली आणि दारचीही गेली. उपासनाला विचारलं, की "बघते, बाबा" म्हणायची आणि खोलीचं दार लोटून घ्यायची.

दादारावांच्या डोक्यात मात्र सगळं स्पष्ट होतं. त्यांचे वडील भंडारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत गुरुजी होते. पवनी, लाखांदूर, साकोली, नुसत्या बदल्या. दर वेळी गाव निरोप द्यायचं: शाल, फुलं, चार जणांचे दोन शब्द, शेवटी ग्रुप फोटो. गुरुजींवर कोणी रागवायचं नाही, कारण ऑर्डर वरून यायची. आणि मानानं निरोप दिलेला माणूस ओळख ठेवायचा. खुद्द दादारावांना नागपूरच्या होस्टेलात जागा मिळाली, ती अशाच एका बदलून गेलेल्या गुरुजींच्या शब्दावर. मग कोच टेरी काय वेगळी? नीट निरोप दिला तर तिकडे गेल्यावर उपासनाला बोलावून घेईल. निदान विचारेल तरी.

त्यांची बायको राधा कचोऱ्या तळत होती. टेबलावर काढून ठेवलेली शाल पाहून म्हणाली, "माझ्या भावासाठी आणलेली शाल ना ही?"

"त्याले दुसरी घेऊ."

"शाल घालून पोरगी गळ्यात मारून राहिले काय तुम्ही?"

"निरोप देऊन राहिलो. मानानं."

"हो बाप्पा! तुमच्या पोटातलं मले दिसत नाही जसं काही."

उपासना खाली आली. तिनं खुर्च्या पाहिल्या, टेबलावरची फुलं पाहिली, शालीवरून एकदा हात फिरवला. "हे सगळं कोचसाठी?" तिनं विचारलं.

"मग! तुझ्या गुरू आहेत त्या."

पोरगी कटकट करेल असं दादारावांना वाटलं होतं. ती नुसतं "ओके" म्हणाली आणि फडकं घेऊन खुर्च्या पुसायला लागली. दादारावांना तो शुभशकुन वाटला.

बाराच्या सुमाराला धुकं फाटलं आणि ऊन चटकायला लागलं. सगळ्या टीमला आमंत्रण होतं, पण उपासना सोडून तिघीच आल्या. एका पोरीच्या आईनं उत्तर पाठवलं होतं, की आम्हाला वाऱ्यावर सोडून जाणाऱ्या बाईसाठी आम्ही टाळ्या वाजवणार नाही. रिकाम्या खुर्च्या पाहून दादाराव कासावीस झाले. सत्काराला रिकाम्या खुर्च्या म्हणजे माणसाचा अपमान. त्यांनी फोन फिरवले आणि अर्ध्या तासात मराठी मंडळींच्या गाड्या दारात लागल्या. त्यांतल्या निम्म्यांनी व्हॉलीबॉल टीव्हीवरसुद्धा पाहिलेला नव्हता.

पुण्याचे शशिकांतकाका आले ते थेट माइकपाशी गेले. सूत्रसंचालन त्यांच्याशिवाय कोणी केलेलं त्यांना चालत नाही. "अहो गजभिये, नारळ कुठाय?"

"नारळ-बिरळ नाही आपल्यात. शाल आन् फुलं."

"बरंच झालं. बाई विमानतळावर अडकायच्या." मग त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "यांचं नक्की कशात ट्रेनिंग? बास्केटबॉल ना?"

"व्हॉलीबॉल, भाऊ. व्हॉलीबॉल."

"तेच ते, यार. मी ऑल राउंड बोलतो."

आणि ते बोललेही. कोच टेरी, पन्नाशीची उंच, उन्हानं रापलेली बाई, मधल्या खुर्चीत गुडघे जुळवून शाळेतल्या पोरीसारखी बसली होती. टेक्सासात इतकी वर्षं काढूनही कोणी तिला असं समोर बसवून तिच्याबद्दल बोललं नसावं. तिला मान कुठं वळवावी ते कळत नव्हतं.

मग टीममधल्या पोरींचे दोन शब्द झाले. मॅकेना नावाची ताडमाड पोरगी पुढं आली. रडली, हसली आणि शेवटी म्हणाली, "सी यू इन ओक्लाहोमा, कोच!" दुसरीही तेच म्हणाली. तिसरीनं तर नव्या कॉलेजची टोपीच खिशातून काढून घातली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. शशिकांतकाकांनी "वा, वा" केलं.

दादाराव शालीचं ताट धरून उभे होते. तिघींचं ठरलेलं होतं, आणि ते काही आज-काल ठरलेलं नव्हतं. त्यांनी उपासनाकडे पाहिलं. ती टेबलापाशी कचोऱ्या वाढता वाढता टाळ्या वाजवत होती. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. पाइपाला नुसतं ठोकून आतला गंज सांगणाऱ्या माणसाला घरातल्या घरात एवढं ऐकू आलं नव्हतं.

"आता यजमानांचे दोन शब्द," शशिकांतकाका म्हणाले.

दादारावांनी भाषण पाठ केलं होतं. शेवटचं वाक्य होतं, की आमच्या मुलीवर अशीच नजर असू द्या. ते शब्द जिभेवर आले, आणि त्यांनी गिळले. आपल्या ठेचकाळत्या इंग्रजीत ते म्हणाले, "माझे वडील शिक्षक होते. त्यांच्या पुष्कळ बदल्या झाल्या. मास्तर जायचे, पोरं तिथंच राहायची. इथली रीत वेगळी आहे, मला ती नीट समजली नव्हती. पण माझी मुलगी आधी बॉलमागं पडली की गुडघे फोडून घरी यायची. पडायचं कसं, ते तुम्ही तिला शिकवलं. थँक्यू."

एवढं बोलून त्यांनी शाल कोचच्या खांद्यावर घातली. आणलेली शाल परत कपाटात ठेवायची नसते. पुढं ग्रुप फोटो झाला, त्यात कोचच्या मागं शशिकांतकाका सगळ्यांत जास्त हसत होते.

निघताना कोच टेरीनं दादारावांना गाडीपाशी बाजूला घेतलं. शाल तिनं काढली नव्हती. "तिकडे त्यांची लिबेरो आधीच आहे," ती म्हणाली. "तिची अजून दोन वर्षं बाकी आहेत. उपासनाला मी पहिल्याच दिवशी फोन करून सांगितलं, की मी तुला नेऊ शकत नाही. माझ्या आशेवर तिनं पोर्टलमध्ये नाव टाकून स्कॉलरशिप घालवू नये, म्हणून. तिनं तुम्हाला सांगितलं नाही?"

"नाही," दादाराव म्हणाले.

कोच काहीतरी आणखी बोलणार होती. दादारावांनीच तिच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं. "सावकाश जा. हायवेला ट्रॅफिक असते," ते म्हणाले.

मंडळी पांगली. राधा आत भांड्यांना लागली. बापलेक खुर्च्यांच्या घड्या करत राहिले.

"काहून सांगितलं नाही मले?" दादाराव म्हणाले. "मी गाढवासारखा शाल घेऊन फिरून राहिलो इथं."

"सांगणार होते. सकाळी." उपासनानं खुर्ची पिकअपमध्ये सरकवली. "मग तुम्ही चेअर्स मांडल्या. आय डोन्ट नो, बाबा. आम्हाला सगळ्यांना एक टेक्स्ट आला, मला वर दोन मिनिटांचा फोन, दॅट्स इट. तीन वर्षं, आणि एक टेक्स्ट. मलाही तिला नीट बाय म्हणायचं होतं."

दादारावांचा हेतू काय होता, ते पोरीला ठाऊक होतं. तरी तिनं खुर्च्या पुसल्या होत्या.

"पोर्टलमध्ये नाव?"

"नाही टाकलं. स्कॉलरशिप आहे तशी आहे. आम्ही सहा जणी उरलोय. बाकीच्या नवीन येतील."

"आन् नवी कोच?"

"काल फोन आला. शी साउंडेड नर्व्हस. पहिला क्वेश्चन, लिबेरो राहतेय ना?"

"मग तू काय म्हटलं?"

"राहतेय म्हटलं."

"बोलाव तिले एकदा घरी. स्वागताचा कार्यक्रम ठेवू. शशिकांत तयारच आहे."

"बाबा, नो!" उपासना पहिल्यांदाच मोकळं हसली. "प्लीज. नो माइक."

आतून राधाचा आवाज आला, "आणि शालही नाही उरली आता!"

ऊन कुंपणाच्या खाली उतरलं होतं. सकाळी साफ केलेल्या अंगणात खुर्च्यांच्या पायांचे ठसे पडले होते, आणि उरलेलं अर्धं अंगण पानांनी तसंच भरलेलं होतं. उलट दुपारच्या वाऱ्यानं आणखी पानं आणून टाकली होती. दादारावांनी शेवटची खुर्ची पिकअपमध्ये घातली, मागची फळी लावली आणि कुंपणाला टेकवलेलं दाताळं उचललं. उपासनानं गराजमधून कागदी पिशवी आणून तोंड फाकवून धरली.

"खाली धर थोडी," दादाराव म्हणाले, आणि पानं ओढायला लागले.