पोटझाकणाची साडी

सिनेमाला आईला मीच ओढून नेलं. आई-मुलीची गोष्ट आहे, रुमाल घेऊन जा, असं शेजारणीनं सांगितलं होतं. आई आता माझ्याकडेच, उचगावला राहते. पडद्यावरच्या मुलीला कळलं, की आपल्याला वाढवणारी आई वेगळी आणि जन्म देणारी वेगळी. आई भर थेटरात मोठ्यानं म्हणाली, "आधीच सांगायचं हुतं की तिला." पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी वळल्या. मी तिचा हात दाबला. मध्यंतर झाल्यावर ती म्हणाली, "घरी चल."

अर्धा सिनेमा टाकून यावं लागलं म्हणून मी रिक्षात गाल फुगवून बसले. माझा राग कायम नाकावर.

घरी आल्यावर तिनं चपलाही काढल्या नाहीत. दारातच विचारलं, "तुझ्या लग्नातली पोटझाकणाची साडी आठवती?"

न आठवायला काय झालं? नवऱ्याकडच्यांनी मुलीच्या आईला द्यायची ती साडी. जिनं नऊ महिने पोटात वाढवलं, तिचा मान. मोरपंखी होती, सासूबाईंनी हौसेनं निवडलेली. आईनं ती मांडवातच गारगोटीच्या मावशीला, तिच्या धाकट्या बहिणीला, देऊन टाकली. सासूबाईंचं तोंड उतरलं. पुढं कित्येक वर्षं मी टोमणे खाल्ले आणि माहेरी येऊन आईला वाट्टेल ते बोलले.

"ती माझी नव्हती," आई म्हणाली. "तिचं सगळं घेतलं मी. तेवढं एक घेववलं न्हाई."

मावशीला तीन मुली, आईला मूलच नव्हतं. चौथी मी. बारशाआधीच मला आपल्या घरी आणलं, एवढं सांगून ती खाली बसली.

मला रडू आलं नाही, संताप आला. सुट्टीत मला गारगोटीला कधी मुक्काम करू न देणारी आई आणि एसटी सुटेपर्यंत स्टँडवर उभी राहणारी मावशी, दोघींनी मिळून मला फसवलं होतं. दोन दिवस मी आईशी बोलले नाही. ती भाकऱ्या करत होती, मी मुकाट्यानं खात होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीला फोन लावला. 'आई' म्हणायचं पक्कं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते 'मावशी'च.

"चा झाला का गं?" तिनं नेहमीसारखं विचारलं.

"झाला. माझ्या लग्नातली ती साडी आहे का अजून?"

"हाय की. घडी मोडली न्हाई."

"रविवारी येते मी. नेसून बस."

ती हळूच म्हणाली, "आक्काला चालंल का?"

तिची आक्का माझ्यामागं स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातांना पीठ तसंच. तिनं सगळं ऐकलं होतं. तिला विचारायला मी तोंड उघडलं आणि काय हाक मारावी ते मला सुचेना.