भाऊबीजेची कॅसेट

मी जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट गोळा करतो, हे अमरावतीत फारसं कोणाला सांगत नाही. पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असल्यामुळे घरातलं ते भरलेलं कपाट कॉलेजच्या कामाचं असावं असा शेजाऱ्यांचा समज आहे, आणि मी तो मोडलेला नाही. टीव्हीला डबा जोडायचा, त्यात कॅसेट खोचायची, वायरवाला रिमोट हातात घ्यायचा आणि मांडी घालून बसायचं. लहानपणी हे शेजारच्या घरात रांग लावून मिळायचं, आता माझ्या घरी मिळतं, इतकाच फरक.

पण माझा खरा जीव अडकला तो कधीच बाजारात न आलेल्या खेळांत. कंपनी एखादा खेळ बनवायला घ्यायची आणि मध्येच सोडून द्यायची. तपासून पाहायला काढलेल्या दोन-चार नमुना कॅसेट मग कुणा कामगाराच्या घरी पडून राहायच्या. अशा खेळांचा माग काढणाऱ्या जगभरातल्या लोकांचा इंटरनेटवर एक गट आहे. तिथे इंग्रजीत चर्चा चालते, आणि ती चांगलीच कडाक्याची असते. खरी नमुना कॅसेट कोणती, बनावट कोणती, यावरून लोक एकमेकांशी महिनोन्‌महिने अबोला धरतात.

त्या गटात एका सदस्याशी माझं विशेष जमलं आणि आम्ही दोघं गटाबाहेर, खाजगीत लिहू लागलो. त्याच्याकडे चित्र नसलेली, नाव नसलेली एक करडी कॅसेट होती. खेळ एका मेंढपाळाचा. डोंगर उतरायचा, जंगल ओलांडायचं आणि तिसऱ्या दृश्यात नदी यायची. ही नदी काही केल्या पार होत नाही, असं त्याचं म्हणणं. उडी मारली की मेंढपाळ बुडतो. तो अनेक वर्षं प्रयत्न करत होता. मी त्याला नाना युक्त्या सुचवायचो, तो त्या करून पाहायचा आणि नम्रपणे कळवायचा की पुन्हा बुडालो. माझ्या डोळ्यांसमोर कुठल्याशा थंड देशातला, गळ्याला मफलर गुंडाळलेला म्हातारा होता.

एकदा मात्र त्याचा धीर सुटला. इंग्रजी मजकुराच्या शेवटी रोमन अक्षरांत एक ओळ आली, "काहून होत नाई काय माईत."

मी ती ओळ दोनदा वाचली आणि बायकोला हाक मारली. तिनेही वाचली. ती म्हणाली, हा माणूस मफलरवाला नाही, हा आपल्याकडचा आहे. मी लगेच मराठीत विचारलं, तुम्ही कुठले? उत्तर आलं, अकोला. आणि लगोलग दुसरं, की मी माणूस नाही, बाई आहे, शाळेतून निवृत्त झाले.

पुढच्या रविवारी मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेलो. बहिणीच्या सासरहून, वरूडहून आलेली संत्री सोबत नेली. दार त्यांनीच उघडलं आणि मी लगेच त्यांना काकू म्हणू लागलो. पांढरा अंबाडा, सुती साडी, आणि अंगठ्याला चिकटपट्टी, रिमोटचं बटण दाबून दाबून कातडी सोलवटते म्हणून लावलेली. काका कूलरसमोर पेपर वाचत होते. त्यांनी मला बसवून घेतलं आणि काकू आत गेल्यावर सांगितलं की लग्नाला चाळीसेक वर्षं झाली, त्यातली निम्मी ते हा मेंढपाळ बुडताना पाहत आहेत.

कॅसेट कुठून आली ते काकूंनी जेवताना सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ परदेशात अशा खेळांच्या कंपनीत नोकरीला होता. कंपनी बंद पडली तेव्हा ज्याला जे हवं ते त्याने उचललं. त्या दिवाळीला तो अकोल्याला आला आणि भाऊबीजेला त्याने ताटात ओवाळणी म्हणून ही कॅसेट टाकली. सोबत जुना डबाही दिला. काकूंना वाटलं, साडी घ्यायचं विसरला म्हणून सारवासारव करतो आहे. हा खेळ जगात फक्त तुझ्याकडे आहे, असं तो म्हणाला, तीही त्यांना थट्टाच वाटली. भाऊ आता नव्हता. तीन पावसाळ्यांपूर्वी तिकडेच गेला. त्याच्यानंतर काकूंनी इंटरनेटवर शोध घेतला आणि आमच्या गटात आल्या.

कॅसेट त्या लुगड्यांच्या पेटीत, तळाशी ठेवत. ते फार चांगलं झालं होतं. अशा नमुना कॅसेटच्या आतल्या चिपला वर काचेची छोटी खिडकी असते, आणि त्यावर चिकटवलेला कागद निघाला तर उन्हाने आतलं सगळं हळूहळू पुसलं जातं. पेटीतल्या अंधाराने ते वाचवलं होतं. पण चिप जुन्या झाल्या की आपणहूनही विसरायला लागतात. मी काकूंना म्हटलं, हिची नक्कल काढून ठेवू या. त्या तयार झाल्या, पण कॅसेट घराबाहेर जाणार नाही म्हणाल्या.

म्हणून पुढच्या खेपेला मी चिप वाचायचं यंत्रच पिशवीत घालून नेलं. उन्हाने पुसलं जातं हे काकांनी मनावर घेतलं होतं. मी कॅसेटचे स्क्रू काढायला लागलो तसे ते उठले आणि त्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले. कूलर खिडकीतला, त्यामुळे तोही बंद. अकोल्याचा मे महिना. आम्ही तिघं घामाने निथळत बसलो. एवढ्याने काही होत नाही, असं मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "राहू द्या. मेव्हण्याची वस्तू हाये."

चिपवरचा कागद एका कोपऱ्यात सुटला होता. मी त्यावर काळी पट्टी लावली आणि चिप वाचली. पुन्हा वाचली. दोन्ही वेळा सारखंच उतरलं, म्हणजे चिप शाबूत होती. काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि काकांनी कूलर लावला.

घरी येऊन मी ती नक्कल उलगडून पाहिली. डोंगर होता, जंगल होतं, नदी होती. नदीच्या पुढे काहीच नव्हतं. पुढची दृश्यं लिहिलेलीच नव्हती. पण चित्रांच्या साठ्यात एक होडी सापडली, लहानशी, तपकिरी, एका टोकाला वल्हं टेकवलेली. मेंढपाळाने होडीत बसून पलीकडे जायचं होतं. होडी काढून झाली होती, ती नदीवर आणायचं काम मात्र राहून गेलं होतं.

म्हणजे काकू ज्या नदीशी इतकी वर्षं झगडत होत्या, ती पार होण्यासारखी नव्हतीच. मी फोन हातात घेतला तेव्हा बायको म्हणाली, हे फोनवर नको, जाऊन सांग.

गेलो. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोललो, मग लॅपटॉप उघडून सगळं सांगितलं. होडी दाखवली. काकूंनी चष्मा पुसून ती पाहिली, मोठी करून मागितली, परत पाहिली. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल.

"म्हंजे मले येत नोतं, असं नाई," त्या म्हणाल्या.

नाही काकू, मी म्हटलं, कोणालाच आलं नसतं.

त्या हसल्या. भाऊ दर फोनवर आधी हेच विचारायचा, असं त्यांनी सांगितलं. तब्येत, पाऊस, सगळं नंतर. आधी, झाली का नदी पार? आणि त्या रागावून फोनवर सगळी हकिकत सांगत बसायच्या. त्यांनी काकांकडे वळून विचारलं, "त्याले माईत असन का हो?"

काकांनी पेपर खाली ठेवला. "माईत असनच. पण सांगून टाकलं असतं, तं मंग तू त्याच्याशी घंटा-घंटा कायचं बोलली असती?"

काकू उठून आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मी निघायच्या बेतात होतो, पण काका म्हणाले, बसा, ती सांभारवड्या तळून राहिली. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि ताटात आम्हा दोघांना संपणार नाहीत इतक्या, कोथिंबिरीचं सारण भरलेल्या वड्या होत्या.

मग आम्ही त्यांच्या संमतीने गटाला कळवलं. तिथे खळबळ उडाली. आजवर कुणी ऐकलेलाही नाही असा खेळ, आणि तो अकोल्यात. कॅसेट कोणाची असं लिहायचं, हा प्रश्न आला तेव्हा काकूंनी भावाचं नाव द्यायला लावलं, आडनावासकट. ते त्यांच्या माहेरचं आडनाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

गटातल्या एका दूरदेशीच्या मुलीने ती होडी नदीवर आणणारी वेगळी आवृत्ती तयार करून पाठवली. एका रविवारी आम्ही ती लावली. मेंढपाळ होडीत बसला आणि अलगद पलीकडे उतरला. तिथे नुसता हिरवा रंग होता, ना झाड, ना दगड. काकूंनी त्याला पडद्याच्या कडेपर्यंत चालवत नेलं, थोडा वेळ तिथेच उभा ठेवला आणि मग रिमोट काकांच्या हातात दिला. काकांनी त्याला परत होडीत बसवायचा प्रयत्न केला आणि बुडवला.

ती आवृत्ती खरी मानायची की नाही, यावर गटात अजून वाद चालू आहे. काकू कट्टर विरोधी बाजूच्या. जे बनलंच नाही ते बनलं म्हणू नये, असं काकू त्या मुलीलाच इंग्रजीत ठणकावून सांगतात, आणि त्याच मजकुरात तिच्या परीक्षेची चौकशीही करतात. मूळ कॅसेट पुन्हा लुगड्यांच्या पेटीत गेली आहे. गेल्या आठवड्यात वरूडला बहिणीच्या माळ्यावर मला एक पोतं सापडलं, त्यात जुने रिमोट आणि फुटक्या कॅसेट होत्या. फोटो पाठवले तर काकूंचा लगेच फोन आला, की तिसऱ्या फोटोतली डावीकडची कॅसेट जरा जवळून दाखवा, मागचे स्क्रू माझ्या कॅसेटसारखे वेगळे दिसून राहिले.