दत्तूच्या गाडीचा आवाज

श्रीपतीकाका जोगळेकरांना गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा त्यांनी जन्मभर चढावावर हातात धरून नेली आणि उतारावर ब्रेक दाबून आणली. पोस्टात नोकरी, मांडवीत घर, संध्याकाळी बंदरावर एक फेरी, एवढाच त्यांचा प्रवास. अशा माणसाच्या शेडमध्ये लाल रंगाची, जेमतेम दोन माणसं मावतील अशी जुनी स्पोर्ट्स कार उभी आहे, याचं सगळ्या आळीला हसू यायचं. आता कोणी हसत नाही.

गाडी त्यांच्या मुलाची, दत्तूची. तो बोटीवर इंजिनियर होता. मुंबईहून ती आणलीन तेव्हा माझ्या गॅरेजसमोर उभी करून म्हणाला, "सुजय, कशी आहे?" मी म्हटलं, "मेल्या, ह्या खाऱ्या हवेत आणि ह्या चढउतारात ही बया टिकायची नाय." तो नुसता हसला. सुट्टीवर आला की रविवारी जेवणाच्या वेळेलाच ह्याला फिरायला जायची लहर यायची. इंजिन सुरू झालं की स्वयंपाकघरातून मालिनीकाकूंची हाक ठरलेली, "दत्तू, जेवून जा रे!" मग साहेब गाडी बंद करून पाटावर.

पुढे दत्तू बोटीवरच गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि संपलं. त्यानंतर काकू हळूहळू विसरत गेल्या. आधी गॅस बंद करायचं विसरल्या, मग वार विसरल्या, आणि मग दत्तू गेला हेही विसरल्या. काका मात्र काही विसरले नाहीत. एका घरात राहून दोघांची दोन दुःखं झाली, असं मी कुठे पाहिलं नव्हतं.

यंदा पाऊस सरल्यावर काकांचा फोन आला. "सुजय, गाडी सुरू होते, खोकते आणि बंद पडते. येशील का?"

गेलो. बॉनेट उघडलं, ऑइलचं झाकण काढलं, तर आतून पांढरट फेस, लोण्यासारखा. म्हणजे ऑइलमध्ये पाणी. आधी ऑइल आणि पाणी वेगळं ठेवणारी गॅस्केट गेली असेल अशी शंका आली, पण रेडिएटरचं पाणी जिथल्या तिथे होतं. प्लग काढले. एक काळाकुट्ट, ओला, म्हणजे ते सिलिंडर नावालाच. सायलेन्सर गंजून फाटलेला. मग क्लच दाबून गिअर टाकला आणि गाडी ढकलून बघितली, तर जागची हलेना. पेडल ठीक, खालचा दांडाही हलतोय. क्लचप्लेटच गंजून इंजिनाच्या चाकाला, फ्लायव्हीलला, चिकटली होती.

"काका, तुम्ही हिचं नक्की करता काय?"

"दर रविवारी चावी फिरवतो. थोडा वेळ चालू ठेवतो आणि बंद करतो. दत्तूने सांगितलंन होतं, नुसती उभी ठेवू नका म्हणून."

माझं डोकंच फिरलं. इंजिन नीट तापायच्या आत बंद केलं की आतली वाफ आतच राहते, तिचं पाणी होतं आणि तेच इंजिनाला खातं. मी ओरडलो, "काका, हे इंजिन आहे, देवघरातली समई नव्हे, लावली आणि विझवली! जपता जपता मारलीत तुम्ही हिला."

 काका स्वयंपाकघराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "आवाज आला की ती हाक मारते. पानं घेते. तो हात धुऊन येतोय असं समजून जेवायला बसते आणि पोटभर जेवते. एरवी दोन घासांवर उठते रे. गेले दोन रविवार गाडी धड बोलली नाही, तर तिने ताटाला हातही लावला नाही. मला ही कुठे न्यायची नाहीये, सुजय. नुसता आवाज आला पाहिजे."

 मनात म्हटलं, आता आवाज असा काढून देतो की काकू उडी मारून उठतील.

सगळी कला पणाला लावली. इंजिन धुतलं, ऑइल बदललं, मेलेलं सिलिंडर जिवंत केलं, सैल टॅपेटमुळे इंजिनातून येणारी कटकट घालवली. क्लचप्लेट सोडवली, नवा सायलेन्सर बसवला. काम संपलं तेव्हा इंजिन नव्या शिलाई मशीनसारखं चालत होतं. इतकं सुरेख काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं.

रविवारी काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. भात शिजल्याचा वास येत होता. त्यांनी चावी फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिलो.

हाक आली नाही.

थोड्या वेळाने काकूच पदराला हात पुसत दारात आल्या. "अहो, कोण आलंय?"

"अगो, दत्तूची गाडी ती."

"काहीतरीच तुमचं!" काकू हसल्या. "दत्तूची गाडी अशी वाजते होय?" आणि आत गेल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती कटकट, तो फाटका सायलेन्सर, अर्धमेलं सिलिंडर, हे सगळं दत्तूच्या वेळेपासूनच थोडंथोडं होतं. मी ज्याला बिघाड म्हणून शोधून काढलं, त्याच आवाजावर ही बाई आपला मुलगा ओळखत होती.

काकांनी गाडी बंद केली. चावी हातात घट्ट धरून विचारलं, "पहिल्यासारखी वाजेल का रे परत?"

"सायलेन्सर काढून बघतो," मी म्हटलं. पण मला ठाऊक होतं. झिजलेलं काढून टाकता येतं. वर्षानुवर्षं जसं झिजत गेलं, तसं परत झिजवून देता येत नाही. जुना सायलेन्सर भंगारात गेला होता, जुने प्लगही. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात काकू परत बाहेर आल्या. हातात तांब्या, वाटीत गूळ. माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "बसा हो. गूळ-पाणी घ्या. पानं घेतली आहेत, पण आमचा दत्तू आल्याशिवाय मी जेवत नाही. येईलच इतक्यात. त्याची गाडी मला लांबूनच कळते."